आपल्याच सुतकात झोपलेला कटोंगो

कटोंगो लोम्बे हा माणूस जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या काचेरे गावात अजूनही दोन-चार म्हातारे असे आहेत की तो बाजारात दिसला की टोपी काढतात आणि वाट सोडून उभे राहतात.

मी त्याचा म्बुया, म्हणजे थट्टेतला सोयरा. तो उत्तरेकडचा बेम्बा, मी इथला न्गोनी. आमच्या दोन जमाती पूर्वी एकमेकींशी लढायच्या. लढून लढून दमल्या आणि ठरवलं की यापुढे फक्त तोंडानं लढायचं. तेव्हापासून न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणावं, आणि जो रागावला तो हरला. म्बुया मेला तर त्याच्या दारातला विस्तव आपण राखायचा, त्याच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं, आणि सगळं आटोपलं की तो विस्तव आपणच विझवायचा. दुसऱ्या कुणी विझवला तर मयत संपलं असं इथे कुणी मानत नाही. तेव्हा पुढे मी कटोंगोची जी काही शोभा करणार आहे, ती माझ्या हक्काची आहे. त्याला राग आला तर तो हरला.

तो काचेरेत आला तो एका कापूस कंपनीचा कारकून म्हणून. कंपनी बुडाली, साहेब गेले, गोदामाचं कुलूपसुद्धा कुणीतरी नेलं. कटोंगो मात्र राहिला. का राहिला, तर म्हणायचा, बस चुकली. पण खरं कारण मसोझी होतं. ती दवाखान्यात नर्स होती आणि सुई टोचताना गाणं गुणगुणायची. कटोंगोला त्या वर्षी इतके आजार झाले की डॉक्टरनं त्याला मानानं 'बा' लावून विचारलं, "बा कटोंगो, तुम्ही लग्न करता का बरे होता?" त्यानं लग्न केलं.

मग आमचं रेडिओ स्टेशन निघालं. स्टेशन म्हणजे मक्याचं जुनं कोठार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, पण अजून आत शिरलं की पिठाचा वास येतो आणि पत्र्यावर पारवे घुमतात. ऐकणाऱ्यांना वाटतं आम्ही मुद्दाम लावतो. कटोंगो तिथे कापसाचा भाव वाचायला लागला. भाव पडला तरी तो अशा आवाजात सांगायचा की बायका म्हणायच्या, "पडला खरा, पण काय छान पडला!" मी काचेच्या अलीकडे बसून बटणं सरकवतो. कुणाचा आवाज केवढा चढवायचा, कुणाचा उतरवायचा, एवढंच माझं काम. बारा इयत्ता शिकून मी आवाज ओळखायला शिकलो. मास्तरांना ते अजून पटलेलं नाही.

भाव वाचता वाचता कटोंगो बातम्या आणायला लागला. सायकल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रेकॉर्डर, आणि पाठीला घामाचा नकाशा. कुठे विहीर आटली, कुठे शाळेचं छप्पर उडालं, कुठे हत्तीनं मका खाल्ला. हत्तीची बाजू ऐकून घ्यायला तो एकदा निघालाही होता, पण हत्तीनं मुलाखत दिली नाही.

आणि मग लाल लाकडाची बातमी.

आमच्या जंगलात म्कुला नावाचं झाड आहे. तोडलं की त्यातून लाल रस वाहतो, अगदी मांस कापल्यासारखा. ते तोडायला बंदी आहे. तरी ते तुटतं, ट्रकमध्ये चढतं, ताडपत्रीखाली झोपतं आणि कुठल्या कुठे जातं. कटोंगो सप्टेंबरात जंगलात गेला. तेव्हा आमच्याकडे झाडांना जी नवी पालवी फुटते ती हिरवी नसते, तांबडी असते. सगळीकडे वणव्यांचा धूर, धुरात तांबडी पानं, आणि जमिनीवर तांबडे बुंधे. तो परत आला तेव्हा मला म्हणाला, "सोको, मला वाटलं मी कुणाच्या तरी अंगात हिंडतोय."

त्यानं बातमीचे दोन भाग केले. पहिल्या भागात झाडं, गावकरी, ट्रकचे आवाज. तो एका सोमवारी गेला. दुसरा भाग पुढच्या सोमवारी दुपारी जायचा होता. त्यात लाकूड कुणाच्या आवारात साठवतात, हे नाव घेऊन सांगायचं होतं.

मधल्या आठवड्यात एक पांढरी पिकअप गाडी त्याच्या घरासमोरच्या आंब्याखाली येऊन उभी राहायला लागली. नंबरपाटी नाही. आणि फोन यायला लागले. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. अगदी अदबीनं एकच प्रश्न: "बा कटोंगो, झोपलात का?"

बस, तेवढंच. आणि फोन बंद.

एकदा असा फोन माझ्यासमोर आला, कटोंगोनं आवाज मोठा करून मला ऐकवला. मऊ आवाज, 'झोपलात' म्हणताना किंचित शीळ वाजल्यासारखा, पुढचा दात अर्धा नसलेल्या माणसाचा. मी तो कानात ठेवून दिला. चौकीवर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "कुणी झोपेची चौकशी केली म्हणून गुन्हा कसा लिहू? काही झालं की या."

"काही झालं की मी कसा येईन?" कटोंगोनं विचारलं. त्यावर त्या माणसानं वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं.

कटोंगोनं मसोझीला आणि मुलांना चिवेले गावी आपल्या बहिणीकडे पाठवलं, फोन बंद करून टाकला आणि झोप सोडली. सोडली म्हणजे तीच सुटली. डोळा लागला की त्याला तोच प्रश्न ऐकू यायचा आणि तो उत्तर द्यायला उठायचा. चार-पाच दिवसांत त्याचा चेहरा धुरासारखा झाला. चालता चालता थांबायचा. एकदा भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "थांब, त्यांना जाऊ दे."

"कुणाला?"

"झाडांना. ओलांडतायत."

मी थांबलो. काय करणार? रस्त्यावर फक्त ऊन होतं. पण तो इतक्या आदरानं थांबला होता की मलाही पानांची सळसळ ऐकू आल्यासारखी वाटली.

शुक्रवारी त्यानं मला सांगितलं, "रविवारच्या बसनं मी उत्तरेला जातो. दुसरा भाग तू वाच, नाहीतर राहू दे. माझा आवाज राहिला नाही." खरंच राहिला नव्हता. चाचणीला बसवलं तर माझ्या आवाज मोजायच्या काट्यावर सुई जेमतेम थरथरायची. आणि तो भाग दुसऱ्या कुणी वाचून चालणार नव्हतं. काचेरेत बातमी खरी की खोटी हे लोक शब्दांवरून ठरवत नाहीत, कटोंगोच्या आवाजावरून ठरवतात.

दर शनिवारी सकाळी आमच्याकडे म्बुयांचा तास असतो. एका बाजूला माई लुंगुझी, दुसऱ्या बाजूला कटोंगो, आणि तासभर एकमेकांची सालटी काढायची. माई बाजारात टोमॅटो आणि वाळवलेले उंदीर विकते. तिचं तोंड असं की तिच्या शेजारी कुणी मिरच्या विकायला बसत नाही, चव लागत नाही म्हणून.

त्या शनिवारी तिनं सुरुवात केली, "काय रे माकडखाऊ, आज शेपूट घरी विसरलास?"

कटोंगो गप्प.

"बघा हो, श्रोत्यांनो, तोंडात माकड अडकलंय!"

कटोंगो नुसता हसला. रेडिओवर हसू दिसत नाही. मी काचेतून हातानं खुणावलं, बोल, काहीतरी बोल. तो माझ्याकडे असं पाहत होता जणू मी फार लांबच्या किनाऱ्यावर उभा आहे.

माईनं मग ठेवणीतलं हत्यार काढलं. कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड, ते चितेंजे, डोक्यावर ओढून घेतलं आणि तिनं गळा काढला. "अगं बाई गं! गेला गं माझा म्बुया! कटोंगो गेला! आता मी शिव्या कुणाला घालू! सायकल पोरकी झाली, माकडं सुटली, ती नाचतायत गं झाडावर!"

हे ऐकून कुठलाही बेम्बा उसळून उठला असता. कटोंगोच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. माईचा आवाज मधेच अडखळला. मी घाईघाईनं गाणं लावलं.

आता काचेरेत ज्यांनी पहिल्यापासून ऐकलं ते हसले. पण ज्यांनी मधूनच रेडिओ लावला त्यांनी काय ऐकलं? माईचा टाहो, कटोंगोचं नाव, आणि पलीकडून उत्तर नाही. म्बुया तोंडावर एवढं बोलते आणि बेम्बा उलटून एक शब्द बोलत नाही! याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. कटोंगोचा फोन बंद, आणि स्टेशनचा फोन शनिवारी भाच्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या मावश्यांनी अडवलेला.

मी त्याला घरी सोडायला गेलो तर अंगणात पन्नासएक माणसं. पुरुषांनी बाहेर मोठे ओंडके रचून विस्तव पेटवलेला. बायका आत चटईवर पाय पसरून बसलेल्या. कटोंगो फाटकातून शिरला तसं रडणं थांबलं. एक म्हातारा त्याला म्हणाला, "या, बसा. फार भला माणूस होता." मग नीट पाहिलं आणि स्टुलावरून उठून पळाला.

तेवढ्यात चिवेलेहून लॉरी आली. मागे उभ्या असलेल्या बायकांचं गाणं धुळीतून आधी आलं, लॉरी नंतर. मसोझी उडी मारून उतरली, अनवाणी, आणि रडत रडत फाटकातून आत आली ती सरळ नवऱ्यावर आदळली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान ओढून पाहिले, नाडी धरली. नर्सच ती. मग एक सणसणीत चपराक दिली.

"मेला नाहीस?"

"नाही गं."

"मग फोन का बंद? चिवेलेपासून रडत आले मी! एवढं रडणं आता कुठे ठेवू?"

लॉरीतल्या बायकाही चिडल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आम्ही एवढं पीठ घेऊन आलोय, कोंबड्या आणल्यात. आता रडल्याशिवाय जायचं नाही." आणि त्या आत जाऊन बसल्याच.

माई लुंगुझी बाजारातून धावत आली. विस्तव पाहिला आणि तिथेच थबकली. मला वाटलं, माफी मागेल. माईला मी जन्मल्यापासून ओळखतो, तरी मला असं वाटलं म्हणजे बघा. मी म्हणालो, "माई, विझवा तो विस्तव. गळा तुम्ही काढलात, तुमच्याच हातानं विझायचा."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती आंब्याखाली पाहत होती. तिथे पांढरी गाडी येऊन उभी होती. गर्दी बघून ती हळूच मागे सरकली, वळली आणि निघून गेली.

"सोको," माई म्हणाली, "तुझा रेडिओ कधी सांगणार आहे ती लाकडाची गोष्ट?"

"सोमवारी. दुपारच्या बातम्यांनंतर. पण हा उद्या निघालाय."

"मेलेला माणूस बसनं कसा जाईल?" माई म्हणाली. "सोमवारी दुपारनंतर बघू विस्तवाचं. लाकूड आणा रे अजून!"

आत बायकांनी गाणं धरलं होतं. मयताचं गाणं आमच्याकडे एकदम वर जात नाही. लाटेसारखं येतं, मागे जातं, कुणीतरी एकटी मध्येच उचलते, बाकीच्या तिला खाली घेऊन येतात. कटोंगो दारात उभा होता. नंतर त्यानं मला सांगितलं की त्याला उत्तरेतलं तळं ऐकू आलं, ज्यात त्याची आई टोपलीनं मासे धरायची. पाण्यात वेत वाजतायत, आई कमरेपर्यंत पाण्यात, आणि ती लांबून हाक मारतेय, पण हाकेत प्रश्न नाही. तो आत गेला, बायकांच्या मधोमध रिकाम्या चटईवर, म्हणजे जिथे खरं तर त्याला ठेवायला हवं होतं तिथेच, आडवा झाला. मसोझीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोन लाटांच्या मध्ये कुठेतरी त्याचा श्वास लांबला.

कुणीतरी म्हणालं, "झोपला."

मग बायका रडायच्या पण हळू. गाणं अंगाईसारखं झालं. मला तर असं वाटायला लागलं की सगळं काचेरेच त्या खोलीत येऊन आपापली झोप थोडी थोडी त्याच्या अंगावर टाकून जातंय.

रविवारी सकाळी तो झोपलेलाच होता. प्रार्थना आटोपून अख्खी गर्दी नव्या चितेंजेत आली. आणि त्या गर्दीतून पांढरी गाडी पुन्हा आली. या वेळी तिला पुढे जाता येईना. मयताच्या घरावरून न थांबता जाणाऱ्याला आमच्याकडे कोण काय म्हणेल याचा नेम नाही, आणि रस्ताभर माणसं बसलेली. गाडीतून एकच जण उतरला. लाकडाच्या आवारातला मुकादम, चिशाला. त्यानं टोपी काढली, चारचौघांसारखा आत आला, आणि दारातल्या बाईला मऊ आवाजात विचारलं, "झोपलेत का?"

माझे कान उभे राहिले. तीच शीळ. मी माईजवळ गेलो आणि तिच्या कानात सांगितलं.

माईचा चेहरा उजळला. आयुष्यात तिला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

"झोपलाय, बाळा, झोपलाय!" ती ओरडली. "अगं बायांनो, बघा कोण आलंय! तू कुठला रे? उत्तरेचाच ना? बेम्बाच ना? तोंडावरूनच कळतं, माकडाशी काका-पुतण्याचं नातं!"

"हो, पण मी जरा घाईत..."

"म्हणजे याचा भाऊ! भाऊ आला गं भाऊ! कालपासून याचा एक भाऊ येऊ नये, याचं वाईट वाटत होतं मला!" तिनं त्याला खांद्याला धरून विस्तवाशेजारच्या स्टुलावर बसवलं. "भावानं विस्तव विझेपर्यंत उठायचं नसतं."

"अहो माई, पण तो जिवंत आहे..."

"तुला काय माहीत?" माईनं विचारलं.

चिशालानं इकडेतिकडे पाहिलं. त्या स्टुलाभोवती शंभर तरी माणसं होती आणि सगळी त्याच्याकडे पाहत होती. रागावावं तर म्बुयाशी रागावला, हरला. उठावं तर तीन म्हाताऱ्या त्याच्या पायांना मिठी मारून टाहो फोडत होत्या. तो बसला.

आणि काय सांगू, त्याला बसवूनच ठेवला. त्याला मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा वाढला, कोंबडीचा पाय दिला, आणि माईनं आपल्या हातानं एक वाळवलेला उंदीर दिला. तो त्यानं खाल्ला. त्याच्या गाडीची किल्ली घेऊन पोरांनी तीत पाण्याचे डबे भरून आणले, लाकूड आणलं, पलीकडच्या आळीतल्या दोन पांगळ्या आज्यासुद्धा मयताला आणल्या. जी गाडी कटोंगोची झोप उडवायला यायची ती त्याच्या झोपेसाठी पाणी वाहत होती. विस्तव राखणार म्बुया, पण त्यातलं लाकूड पुढे सरकवायचं काम भावाचं. ते चिशाला करत होता, आणि मधून मधून डुलकी आली की कुणीतरी अदबीनं विचारायचं, "बा चिशाला, झोपलात का?"

कटोंगो जागा झाला तेव्हा उन्हं उतरली होती. त्यानं बाहेर येऊन विस्तव पाहिला, स्टुलावरचा माणूस पाहिला. तो परत आत गेला, बांधलेली पिशवी सोडली आणि त्यातला सदरा काढून खुंटीला लावला. मग पुन्हा झोपला. या वेळी स्वतःहून.

सोमवारी दुपारी स्टेशनवर जायचा प्रश्नच नव्हता. मेलेल्या माणसानं घर सोडायचं नाही, असं माईनं बजावलं होतं. मी कटोंगोला त्याचा फोन चालू करायला लावला आणि फोनवरूनच त्याला स्टेशनला जोडलं; बटणं त्या दिवशी दुसऱ्यावर सोपवून मी अंगणातच थांबलो. तो विस्तवाजवळ बसला. समोर चिशाला. मध्ये धूर. बायकांनी पोरांची तोंडं दाबून धरली. माझ्या कानाला लावलेल्या रेडिओत विस्तव तडतडत होता, आणि मग कटोंगोचा आवाज आला. अख्खा. पूर्वी कापसाचा भाव सांगायचा तो.

त्यानं झाडांबद्दल सांगितलं, ट्रकबद्दल सांगितलं. आवाराचं नाव आलं तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही, आवाज चढवला नाही, घाई केली नाही. चिशाला विस्तवात पाहत होता. एक ओंडका मागे राहिला होता. त्यानं तो सवयीनं पुढे सरकवला.

"काचेरेहून, कटोंगो लोम्बे," असं म्हणून त्यानं फोन खाली ठेवला.

माई उठली. पाण्याची घागर घेतली आणि विस्तवावर ओतली. वाफेचा मोठा पांढरा ढग उठला आणि क्षणभर कुणीच कुणाला दिसेना. त्या ढगातून मला पानांची सळसळ ऐकू आली. आता मी पैजेवर सांगेन, ऐकू आली. ढग विरला तेव्हा चिशाला उभा होता, पण एका पायावर. दुसऱ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"जाऊ का आता?" त्यानं विचारलं.

"जा, बाळा," माई म्हणाली. "झोप लागत नसेल तर येत जा."

तो लंगडत गाडीपर्यंत गेला. त्या आवाराचं पुढे काय झालं ते मोठ्या शहरातल्या कचेऱ्यांना ठाऊक; आमच्यापर्यंत अजून आलेलं नाही. फाटक बंद असतं. पांढऱ्या गाडीला नंबरपाटी लागली आहे, आणि ती आता कटोंगोच्या घरावरून जाताना जरा जोरात जाते. फोन येत नाहीत. मसोझी मात्र अजून उशाला सुरी ठेवते, आणि कटोंगोही अधूनमधून दचकून उठतो. मग ती सुई टोचतानाचं गाणं गुणगुणते.

पुढच्या शनिवारी म्बुयांच्या तासाला माईनं विचारलं, "काय रे माकडखाऊ, वरती कसं होतं?"

"छान होतं, उंदीरखाऊ," कटोंगो म्हणाला. "सगळे तुझीच वाट बघतायत. मांजरंसुद्धा."

माझ्या काट्यावरची सुई टोकाला जाऊन आपटली. मी आवाज उतरवला नाही. मयत आम्ही एकदा थाटात करून मोकळे झालोय. दुसऱ्या मयताची आम्हाला काहीएक घाई नाही.